पाठमोऱ्या बाईचा दर

माझी आत्या रोज सकाळी घराबाहेर पडताना दाराशेजारची तसबीर एका बोटाने सरळ करायची. तसबीर रोज वाकडी झालेली असे. "सरळ उभी राहा गं," असं पुटपुटत ती चपला घालायची.

कॉलेजसाठी मी तिच्याकडे राहायला गेले, तेव्हा एकदा मी तो खिळा नव्याने ठोकला आणि तसबिरीमागे कागदाची घडीही सारली. सकाळी तसबीर वाकडीच. आत्या हसली. "राहू दे. तिला लहानपणापासून एका जागी उभं राहवत नाही."

ती म्हणजे धाकटी आत्या. फोटोत ती खिडकीशी पाठमोरी उभी आहे. सैल बांधलेले केस, उघडी मान, एका हाताने थोडासा सरकवलेला पडदा. तिला फोटो काढून घेणं मुळीच आवडत नसे. कॅमेरा दिसला की तोंडावर हात. म्हणून आत्याने तो मागून, न विचारता काढला होता. त्यानंतर थोड्याच दिवसांनी धाकटी आत्या "आलेच" म्हणून बाहेर गेली ती परत आली नाही. भांडण नाही, चिठ्ठी नाही. पोलीस झाले, दवाखाने झाले, नातेवाइकांचे तर्क झाले. पण पाठमोरा फोटो दाखवून माणूस शोधायचा कसा?

आत्याने तिच्या परीने वाट काढली. ती एका फोटो-एजन्सीत दर ठरवायची. दुसऱ्या मजल्यावरचं ऑफिस, तिथल्या भिंतींना शाईचा आणि गरम झालेल्या मशीनचा वास. लोकांना जाहिरातीला, पुस्तकाला, माहितीपत्रकाला तयार फोटो लागत. कुठे वापरणार, केवढा छापणार, किती काळ, हे विचारून आत्या भाडं सांगायची. धाकट्या आत्याचा फोटोही तिने त्या साठ्यात टाकला. चेहरा दिसत नव्हता, म्हणून फोटोतल्या व्यक्तीची संमतीची सही लागली नाही. आणि दर लावला अगदी कमी. कोणालाही परवडावा, शंभर ठिकाणी लागावा. कधी ना कधी, कुठल्यातरी भिंतीवर, तिची ती स्वतःला पाहील.

फोटो चालला. पडद्यांच्या दुकानात, विम्याच्या पत्रकावर, झोप न येण्यावरच्या एका पुस्तकावर. रस्त्याने जाताना आत्या मध्येच थांबून कोपराने मला ढोसायची. "बघ, कुठपर्यंत पोचली बया!"

फक्त एक गोष्ट ती करत नसे. कोणी त्या फोटोचे एकट्यापुरते हक्क मागितले, म्हणजे आम्हाला द्या आणि दुसऱ्या कोणाला देऊ नका, तर ती असा दर सांगायची की समोरचा फोन ठेवून द्यायचा.

"बाई, तुम्ही दर सांगता की शाप देता?" मालक कळवळून म्हणायचे.

"साहेब, हॉलमधल्या एका खुर्चीचं भाडं वेगळं," आत्या म्हणायची. "सगळा हॉल रिकामा ठेवा म्हणाल, तर रिकाम्या खुर्च्यांचंही भाडं द्यावं लागतं. हा वापराचा दर नाही. बाकीच्यांना नाही म्हणायचा दर आहे."

तो बदल आधी तिच्याच लक्षात आला. आम्ही दातांच्या दवाखान्यात बसलो होतो आणि समोर तोच फोटो लावलेला होता. आत्या उठून अगदी जवळ गेली. बराच वेळ पाहत राहिली.

"हिचा कान दिसत नव्हता," ती म्हणाली.

केसांच्या कडेला कानाची पाळी दिसत होती. मला वाटलं, कोणीतरी फोटोशी खेळलं असेल. आत्यालाही तेच वाटलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी तिने ऑफिसातल्या स्कॅनवाल्याला धरलं.

"तू हात लावलास का रे हिला?"

"मी? बाई, मला माणसं फिरवता आली असती, तर आधी मालकांना नसतं का पाठमोरं केलं?"

हसत हसत त्याने मूळ फोटो पडद्यावर उघडला, आणि त्याचं हसू तिथेच राहिलं. कान होताच. कानापुढे गालाची बारीक उजळ रेघ होती. मागून कोणीतरी हाक मारावी आणि ऐकणाऱ्याने मागे वळायला नुकती सुरुवात करावी, तशी.

"बाई, आणखी थोडी वळली, तर सही लागेल हं," तो हळूच म्हणाला. त्याला ती थट्टाच करायची होती.

घरची तसबीर आम्ही दोघींनी दिव्याखाली धरून पाहिली. तीच रेघ. आत्याने ती परत खिळ्याला अडकवली आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

त्याच आठवड्यात फोन आला. बाईचा आवाज होता, असं आत्याने मला संध्याकाळी सांगितलं. खिडकीतल्या बाईचे सगळे हक्क हवेत. एकटीला, कायमचे.

"मी विचारलं, वापर काय? तर म्हणे, वापर नाही. कुठेच लावायचं नाही. दुसऱ्या कोणीही नाही."

"मग तू दर सांगितलास?"

"नेहमीपेक्षा दुप्पट सांगितला. म्हणाली, चालेल." आत्या समोरच्या भिंतीकडे पाहत होती. "घासाघीस नाही, काही नाही. मालक नुसते नाचतायत."

"आत्या, विकू नकोस. सगळीकडून काढून टाकलं, तर तिला दिसणार कसं?"

"तेच तर."

दोन दिवसांची मुदत मागून ती घरी आली होती. त्या दोन दिवसांत ती दुकानांसमोरून जाताना थांबली नाही. मान खाली घालून चालत होती, देणेकरी चालतो तशी.

मुदतीच्या दिवशी ती चष्मा घरी विसरली म्हणून मी तो द्यायला ऑफिसात गेले. ती फोनवरच होती. आकडे लिहायला हात मोकळा राहावा म्हणून तिला फोन स्पीकरवर ठेवायची सवय होती. मालक दारात उभे राहून तिला खुणा करत होते: हो म्हणा, हो म्हणा.

"एक अडचण आहे," आत्या म्हणत होती. "चेहरा थोडा दिसायला लागलाय. फोटोतल्या बाईची सही माझ्याकडे नाही. सहीशिवाय आता मला तो कोणाला वापरायला देता येणार नाही. तुम्हालाही नाही."

पलीकडे कुठेतरी पडद्याच्या कड्या दांडीवर सरकल्यासारख्या वाजल्या.

"सही वापरायला लागते," आवाज म्हणाला. "बंद करायलाही लागते?"

आत्याच्या हातातलं पेन थांबलं.

"नाही," ती म्हणाली. "बंद करायला नाही लागत."

"मग लाव दर, ताई."

तोवर तो आवाज आत्याला तुम्ही म्हणत होता. मालकांच्या ते लक्षात आलं नाही. ते अजून खुणाच करत होते. मी मात्र आत्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिला ताई म्हणणारं जगात एकच माणूस होतं.

"कुठे आहेस?" असं ती विचारेल, असं मला वाटलं. तिचे ओठ तसे हललेही. पण ती दर ठरवणारी बाई होती. समोरच्याने काय मागितलंय आणि काय मागितलेलं नाही, हे तिला नीट कळायचं.

"माझा हिस्सा सोडला," ती शेवटी म्हणाली. "मालकांचा तेवढा पाठव. त्यांना पोरंबाळं आहेत."

"आणि दाराशेजारचा?"

आत्याने डोळे मिटले. "तोही," ती म्हणाली.

फोन बंद झाला. मालकांचे पैसे दुसऱ्याच दिवशी आले, कोणी कधी न ऐकलेल्या कुठल्याशा संस्थेच्या नावाने. आत्याने सगळ्या गिऱ्हाइकांना कळवलं, आणि हळूहळू दुकानांतून, दवाखान्यांतून, पुस्तकांच्या नव्या आवृत्त्यांवरून ती बाई निघून गेली. त्या त्या जागी एक फिकट चौकोन तेवढा राहिला.

घरची तसबीर आत्याने त्या शेवटच्या फोनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उतरवली. त्या सकाळी ती पहिल्यांदाच सरळ होती. मी घाईघाईने पाहून घेतलं. कान नव्हता, गाल नव्हता. केस, मान आणि पडदा. आत्याने न पाहताच ती कापडात गुंडाळली आणि ऑफिसात चौकटीतून फोटो काढून बाकीच्या प्रतींबरोबर कागद कापायच्या मशीनमध्ये त्याचे तुकडे केले. हक्क दिले म्हणजे दिले, त्यात घरचं-बाहेरचं करायचं नसतं, असं तिचं म्हणणं.

पण बोटाला ते कळलं नाही. त्यानंतर कितीतरी वर्षं, नोकरी सुटल्यावरही, ती बाहेर पडताना त्या जागी क्षणभर थांबायची. बोट उचलायची, आणि रिकाम्या खिळ्याशी ते तसंच राहायचं. धाकट्या आत्याबद्दल ती पुन्हा बोलली नाही. दिवेलागणीला खिडक्यांचे पडदे मात्र पूर्ण ओढायला लागली. आधी ती फट ठेवायची.

दवाखान्यात न्यायचं ठरलं त्या सकाळी मी तिला धरून दारापर्यंत आणलं. खाली गाडी उभी होती. चपला घालताना ती थांबली, सवयीने. बोट वर गेलं, खिळ्याला टेकलं. मग तिने कोपऱ्यात टेकवून ठेवलेल्या माझ्या छत्रीकडे पाहिलं.

"ती छत्री इथे अडकव गं," ती म्हणाली. "नुसता खिळा बरा दिसत नाही."