टाकीतलं पाणी

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारीच्या खिडकीमागे ती एकोणीस वर्षं बसत होती. पाणी येत नाही, येतं तर गढूळ येतं, शेजारी येतं आणि आमच्याकडे नाही. लोक खिडकीत तोंड घालून बोलत आणि ती लिहून घेई. संध्याकाळपर्यंत कान किटून जात. घरी ती आणि सासरे, दोघंच. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. सासरे दिवसभर एकटे, त्यामुळे तिनं चपला काढायच्या आत त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू होई. ती 'हं, हं' करत भांडी घासायला घेई.

एकदा ती दाढ काढायला गेली. दातांच्या डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत समुद्री माशांची छोटी टाकी होती. दगडांवर फुललेली प्रवाळं आणि त्यांच्यातून फिरणारे दोन नारिंगी पट्टेवाले मासे. पाऊण तास ती बघत बसली. कुणी काही विचारलं नाही, सांगितलं नाही. आत बोलावलं तेव्हा उठणं जिवावर आलं.

पुढच्या सुट्टीला ती मासेवाल्या दुकानात गेली. टाकी, पंप, हीटर, दिवा, समुद्री मिठाचा डबा, सगळं घेतलं.

"नळाचं पाणी चालेल ना?" तिनं विचारलं.

"कामाला कुठं असता?"

"पाणीपुरवठ्यात."

"मग मी काय सांगू तुम्हाला?" दुकानदार हसला. "आरओचं वापरा. आणि सहा आठवडे मासा मागायला यायचं नाही. आधी दगडांत जंतू वाढू द्या. घाण खाणारं कुणीतरी आत हवं ना."

घरी तिनं बादलीत मीठ कालवलं, यंत्रानं खारटपणा मोजला. पस्तीस हवा होता, एकोणचाळीस आला. पाणी वाढवलं तर एकतीस. कंबर मोडेस्तोवर हेच चाललं. शेवटी टाकीत खारं पाणी आणि चार दगड पडले. सासरे चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिले.

"मासे कुठायत?"

"दीड महिन्यानं."

"म्हणजे तू दगड पाळलेस?"

पुढं दगडांवर तपकिरी शेवाळ चढलं, ते ती जुन्या दातांच्या ब्रशनं खरवडायची. कचेरीतून येऊन हे करताना तिला वाटे, कुठून ही अवदसा आठवली! पण सहा आठवडे निघाले. दोन मासे आले, एक मऊ प्रवाळ आलं, बोटांसारखं हलणारं. सासरे खुर्ची ओढून टाकीसमोर बसू लागले.

पाणी रोज थोडं आटायचं. मीठ आत राहतं, पाणीच उडून जातं, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची, हे दुकानदारानं तिला बजावलं होतं. सुरुवातीला ती रोज घाली. मग तिला दिसलं, पाणी आटेनासंच झालंय. झाकण नीट बसलं असेल म्हणून तिनं विषय सोडून दिला. एक काम कमी झालं, एवढंच तिला पुरे होतं.

महिन्याभरात प्रवाळ मिटलं. मासे कोपऱ्यात धापा टाकू लागले. तिनं यंत्र लावलं. बेचाळीस.

"मी घालतो की पाणी, दुपारचं," सासरे म्हणाले. "त्या बादलीतलं. समुद्राचंच घालतो."

दर रविवारी टाकीतलं थोडं पाणी बदलण्यासाठी कालवून ठेवलेल्या खाऱ्या पाण्याची ती बादली. तिचा तोल गेला.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला? दिवसभर लोकांचं ऐकायचं आणि घरी येऊन तुमचं! माझी म्हणून एक मुकी गोष्ट होती, तीही धड ठेवली नाहीत!"

ते उठले आणि आत गेले. रात्रीचं जेवणही त्यांनी खाली मान घालून उरकलं. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा घरात चकार शब्द नव्हता. चपला काढून ती उगाच दाराशी उभी राहिली.

दुकानदार फोनवर म्हणाला, खारटपणा एकदम उतरवू नका, मरतील. दिवसातून तीनदा, एकेक भांडं. ती दुपारी खिडकीत असणार. ती सासऱ्यांच्या खोलीच्या उंबऱ्याशी गेली.

"बाबा, दुपारी एक भांडं काढायचं आणि एक गोड्या पाण्याचं घालायचं. जमेल का?"

"माझा हात लागलेला चालेल?"

"चालेल. मीही बघायला हवं होतं. महिनाभर पाणी आटत नाही म्हणजे काय?"

तिसऱ्या दिवशी ती आली तेव्हा टेबलावर वाटीत एक मासा होता, वर बशी झाकलेली.

"सकाळीच गेला," सासरे म्हणाले. "फोन नाही केला. म्हटलं, आधीच लोक तुझं डोकं खात असतील."

तिनं मासा कुंडीतल्या मातीत पुरला. दुसरा वाचला. प्रवाळाची निम्मी बोटं झडली, निम्मी काही दिवसांनी उघडली.

रविवारी पाणी बदलताना सासरे नळी धरत आणि जुन्या ओळखीच्यांच्या हकिगती सांगत. तिची कंबर भरून येई.

"देऊन टाकू का ही टाकी कुणाला?" एकदा ती म्हणाली. "झेपत नाही मला."

"दे की," ते म्हणाले. नळी गुंडाळताना विचारलं, "पण मग दुपारी मी काय करू?"

तिनं बादली उचलली, दोन पावलांवर टेकवली, परत उचलली.