मुखवटा येईपर्यंत

१४ मार्च २०११ रोजी फिजीतल्या वालू बे धक्क्यावरच्या चार मासेमारी कंपन्यांनी मिळून ९,३६० डॉलर ७५ सेंट एका खात्यात भरले. मी त्यांतल्या एका कंपनीत हिशेबनीस असल्याने ते खातं माझ्याकडे आलं. पैसे जमवण्याचं काम मात्र आपेनिसाचं.

आपेनिसा आमच्याच कंपनीचा मुकादम, कंदावू बेटावरचा. आदल्या डिसेंबरात धक्क्यावरच्या एका बोटीच्या मासे साठवायच्या हौदात तीन माणसं दगावली होती. मासे कुजले की त्या पाण्यातून विषारी वायू सुटतो. पहिला माणूस पंप बघायला उतरला. दुसरा त्याचा भाऊ, तिसरा त्याचा मेहुणा. हे दोघे त्याला काढायला उतरले. आमच्याकडे खाली पडलेला माणूस बहुधा कुणाच्या तरी नात्यातला असतोच, आणि नात्यातल्याला खाली ठेवून वर उभं राहणं कुणाला जमत नाही.

अंत्यविधी झाल्यावर आपेनिसाने धक्क्यावर फिरून कुणाकडे काय आहे ते पाहिलं. एका कंपनीकडे वायू मोजायचं यंत्र होतं. दुसरीकडे हवेची टाकी आणि मुखवटा. तिसरीकडे माणूस वर ओढायची तिपाई आणि दोर. चौथीकडे हे सगळं वापरायचं शिकून आलेला एक माणूस. प्रत्येकाने आपलं आपल्या कुलपात ठेवलं होतं. तो चारही ऑफिसांत गेला. एक मॅनेजर म्हणाला, "टाकी तुमची, माणूस आमचा. काही झालं तर दोष कुणाचा?"

"साहेब, तीन शवपेट्या एकाच चर्चमध्ये ठेवल्या होत्या," आपेनिसा म्हणाला. "तिथं कुणी कंपनी विचारली नाही."

तीन महिने लागले. मग सगळं सामान एका खोलीत आलं, किल्ली धक्क्याच्या पहारेकऱ्याकडे राहिली, आणि जमलेल्या पैशांतून आणखी दोन टाक्या घेतल्या. दर शुक्रवारी जेवणाआधी चारही कंपन्यांची माणसं एकत्र सराव करू लागली. वाळूचं पोतं हौदात सोडायचं आणि मुखवटा घालून काढायचं. पोत्याला पोरांनी त्या मॅनेजरचं नाव ठेवलं होतं. "साहेब फार जड आहेत, खालीच बरे," असं म्हणत ओढायची.

नियम एकच होता, तीन भाषांत रंगवलेला: मुखवटा येईपर्यंत पडलेल्याच्या मागे कुणी उतरायचं नाही.

"म्हणजे भाऊ खाली मरतोय आणि मी वर उभा राहून पाढे म्हणू?" रोपाते नावाच्या खलाशाने एकदा विचारलं.

"येतात का तुला पाढे?" आपेनिसा म्हणाला. "येत असतील तर म्हण."

सगळे हसले, रोपातेसुद्धा. पाच वर्षांत धक्क्यावर एकही माणूस गेला नाही. दोनदा मुखवटा घालून बेशुद्ध माणूस वर काढला, त्यांतला एक दुसऱ्या कंपनीचा होता. त्याच्या बायकोने आपेनिसाला एक डुक्कर पाठवलं.

२०१६ साली लेपानी आमच्या बोटीवर कामाला लागला होता. चोवीस वर्षांचा, आपेनिसाच्या बहिणीचा मुलगा आणि रोपातेचा चुलतभाऊ. फिजीत भाच्याचा मामावर मोठा हक्क असतो. मामाच्या घरातलं त्याला आवडेल ते त्याने न विचारता उचलावं आणि मामाने बघत राहावं. लेपानीने दोन शर्ट, एक रेडिओ आणि होडीचं इंजिन नेलं होतं. आपेनिसा माझ्याकडे तक्रार करायचा. "बायको सोडून सगळं नेलं, बाबू. तीही म्हणते, मला ने, तिथं जेवायला तरी वेळेवर मिळेल." तक्रार करताना त्याचा चेहरा खुललेला असायचा.

९ ऑगस्ट २०१६ रोजी सकाळी पंपाची नळी अडकली. दोन मिनिटांचं काम म्हणून लेपानी वायू न मोजताच शिडीवरून उतरला. तिसऱ्या पायरीवरून तो पडला. तिन्ही टाक्या त्या वेळी धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला, तपासणीसाठी दुसऱ्या कंपनीच्या बोटीवर नेलेल्या होत्या.

आपेनिसाने टाकी आणा म्हणून ओरडून सांगितलं आणि हौदाच्या तोंडावर आडवा बसला. तो अंगाने दांडगा होता. रोपातेने त्याला ओढलं, लाथा मारल्या, बुक्क्याने पुढचा दात पाडला. आणखी एक खलाशी मागून आला. आपेनिसाने दोन्ही हातांनी कठडा धरून ठेवला आणि कुणालाही खाली जाऊ दिलं नाही. टाकी यायला अकरा मिनिटं लागली. लेपानीला वर काढलं तेव्हा तो गेलेला होता.

सरकारी तपासनीस म्हणाला की हा माणूस आडवा बसला नसता तर तीन मृतदेह निघाले असते. चारही कंपन्यांनी तसं पत्र दिलं. अहवाल मी लिहिला. त्यात एक रकाना होता: खालून आवाज आला का? आपेनिसाने 'नाही' सांगितलं, मी 'नाही' लिहिलं. रोपातेने जबानीत त्याबद्दल काही सांगितलं नाही.

शंभर दिवसांनी आपेनिसा माफी मागायला बहिणीच्या, म्हणजे लेपानीच्या आई मेरेसेइनीच्या, गावी निघाला. माफी मागताना देवमाशाचा दात द्यावा लागतो, त्याला तंबुआ म्हणतात. त्याने मला बरोबर घेतलं. त्यांच्या गावात वयात आलेले भाऊ-बहीण एकमेकांशी तोंडाने बोलत नाहीत, तो आदर असतो. त्यामुळे मधे कुणीतरी लागतं.

बोटीत तो बराच वेळ पाण्याकडे बघत होता. मग म्हणाला, "बाबू, त्याने हाक मारली होती."

मी वळून त्याच्याकडे बघितलं.

"एकदाच. मोमो म्हणाला." मोमो म्हणजे मामा. "मी हललो नाही. तू मेरेसेइनीला सांग. बाकी काही सांगू नकोस, एवढं सांग."

"कशाला सांगायचं? अहवालात तर..."

"अहवाल तू लिहिलास. आई ती आहे."

गावात लेपानीच्या वडिलांसमोर तंबुआ ठेवला गेला. वडिलांच्या वतीने एका म्हाताऱ्याने तो उचलला आणि टाळ्या वाजवून स्वीकारल्याचं सांगितलं. आपेनिसा मान खाली घालून बसला होता. मेरेसेइनी दाराशी होती. थोड्या वेळाने ती उठून स्वयंपाकाच्या खोपटात गेली, मी मागे गेलो.

ती दालोचे, म्हणजे अळूचे, कंद सोलत होती. मी सांगितलं. तिचा हात थांबला नाही.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "रोपातेने पुरायच्या दिवशीच सांगितलं. हा सांगतो का, तेवढं बघत होते."

"त्याने सांगितलं."

"हो. शंभर दिवसांनी." तिने कंद पाण्यात टाकला. "त्याला सांगा, तंबुआ घरच्यांनी घेतला, तो परत देणार नाहीत. रोपातेची आई मुलगा वाचला म्हणून रोज त्याच्यासाठी प्रार्थना करते, तेही सांगा. ती करतेच, मी ऐकते."

"आणि तुम्ही?"

"तुम्हाला मुलं आहेत?"

"दोन."

"मग मला का विचारता?" तिने दुसरा कंद उचलला. "त्याला म्हणावं, पुन्हा येऊ नकोस. आला तर मला उठून त्याला वाढावं लागेल, आणि माझ्याने ते होणार नाही."

मी बाहेर येऊन सगळं जसंच्या तसं सांगितलं, काही गाळलं नाही. आपेनिसाने विचारलं, "वाढावं लागेल, असं म्हणाली?"

"हो."

"बरोबर आहे तिचं," तो म्हणाला आणि चप्पल शोधू लागला. ती त्याच्या पायाशीच होती.

रीत रात्रभर राहायची असते. आम्ही त्याच दुपारच्या बोटीने निघालो. मी खिसा चाचपत होतो, तोवर त्याने दोन्ही तिकिटं काढली आणि एकटा मागच्या बाकावर जाऊन बसला.

तो अजून कामावर आहे. दर शुक्रवारी सराव घेतो. टाक्या तपासायला नेल्या तरी त्यांतली एक टाकी खोलीतच ठेवतात, हे त्यानेच चारही कंपन्यांकडून लिहून घेतलं. नियम मात्र तो स्वतः वाचून दाखवत नाही, रोपाते वाचतो. त्या दिवशीच्या प्रवासाचा विषय मी दोनदा काढला आणि दोन्ही वेळा तो उठून गेला. येत्या जूनमध्ये मी निवृत्त होतो आहे. परतीच्या तिकिटाचे पंचेचाळीस डॉलर मी त्याला देणं लागतो.