गप्प ट्रंककॉल

टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर असताना मी एकदा चालू ट्रंककॉल तोडला. कानाला हेडफोन, अंगात नव्या नोकरीची मस्ती, आणि लाइनवर कोणी बोलत नाही एवढंच कळण्याइतकी अक्कल! कॉल संपला असं समजून मी बोर्डावरचा प्लग उपसला आणि पुढच्याला लाइन दिली. कामाचा वेग वाढवला म्हणून स्वतःवर खूशही झाले. येडी कुठली!

हे आठवलं ते काल. इंटरनेट बंद पडलं म्हणून कंपनीला फोन लावला. आता तिथे माणूस नाही, गोड गळ्याचं यंत्र आहे. नवी सुधारणा म्हणे. त्याने तक्रार विचारली. मी बिलावरचा नंबर वाचायला चष्मा शोधत होते, तेवढ्यात ते म्हणालं, "आपला आवाज येत नाही. धन्यवाद." फोन बंद. पाठोपाठ मेसेज आला, की तक्रारीचं निवारण झालं आहे.

सूनबाई म्हणाली, "अहो आई, सिस्टीम फास्ट झालीय त्यांची."

असेल बाई. पण ही घाई माझ्या चांगल्या ओळखीची आहे. गप्प बसलेल्या माणसाचं काम झालं असं ज्याला वाटतं, त्याच्या सुधारणेचा मला संशयच येतो.

मी तोडलेल्या त्या ट्रंककॉलवरची आई दुसऱ्या दिवशी एक्स्चेंजात आली होती. लेक नुकतीच सासरी गेलेली. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "पोरी, ती रडत होती, मी ऐकत होते. हुंदका आवरला की सांगणारच होती. आता ती पुन्हा फोनजवळ एकटी कधी सापडायची?"