अण्णांच्या डोळ्यांना काय झालं होतं

“उजव्या डोळ्याची नस बरीच वाळली आहे,” नांदेडच्या डॉक्टर मॅडम पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या. “हा ग्लॉकोमा. म्हणजे काचबिंदू.”

“मी रोज पेपर वाचतो. तुमची मशीन चुकली असेल,” मी म्हणालो. “परत फोटो काढा. दुसऱ्यांदाचे पैसे मात्र देणार न्हाई.”

“बाबा, ही भाजी मंडई न्हाई,” शेजारी बसलेली लेक सुनीता पुटपुटली. तिचं सासर नांदेडचं. तिनंच मला तिथं ओढून नेलं होतं.

लातुरात शिकवण्यांसाठी आलेल्या पोरांची मेस मी चालवतो. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर हातगाडीवर चहा विकून सुरुवात केली, कुणाच्या मदतीशिवाय. घासाघीस केल्याशिवाय मी मिठाची पुडीसुद्धा घेत नाही.

वर्षभर मी पोरांवर खेकसत होतो. गल्लीतून चालताना मोटारसायकलींची हँडलं कुशीत घुसायची. “गाडी लावायची अक्कल न्हाई, अन् निघाले डॉक्टर व्हायला!” वाढताना वरण ताटाबाहेर सांडलं की ताट धरणाऱ्यालाच शिव्या. समोरचं मला स्वच्छ दिसत होतं. कडेचं जात होतं, आणि ते जातंय हे मला कळत नव्हतं. काचबिंदू असाच गुपचूप येतो, हे लक्षात ठेवा.

माझा दाब, म्हणजे डोळ्यातल्या पाण्याचं प्रेशर, फारसा वाढलेला नव्हता. म्हणून मॅडमनी ओसीटी नावाची तपासणी करायला लावली होती. यात काही टोचत नाहीत. हनुवटी टेकवून एका ठिपक्याकडे बघत राहायचं. मशीन प्रकाशाच्या किरणांनी डोळ्याच्या मागचे थर मोजते. डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस ती ऑप्टिक नर्व्ह. तिच्या तोंडाशी मधोमध एक लहानशी वाटी असते. माझी वाटी मोठी झाली होती आणि भोवतीचा काठ झिजला होता. चित्रात हिरवं ते चांगलं, पिवळं ते संशयाचं, लाल ते झिजलेलं. माझ्या उजव्या डोळ्यात वर आणि खाली लाल होतं.

“लालचं हिरवं होतं का?”

“नाही.”

“थोडं तरी?”

“गेलेलं येत नाही. रोज थेंब घालून उरलेलं राखायचं.” मग त्यांनी विचारलं, “घरात कुणाची नजर गेली होती?”

“वडिलांची, अण्णांची. पण ते भूकंपामुळं.”

आमच्या गावात त्या पहाटेनंतर जे काही बिघडलं ते भूकंपाच्या नावावर टाकायची सवय आहे. गुडघे धरले, साखर वाढली, झोप उडाली, सगळं भूकंपानं. अण्णांच्या डोक्यात भिंतीचा दगड पडला होता. थोरला भाऊ, दादा, बायकापोरं घेऊन आधी बाहेर पडला आणि अण्णा मागून निघाले, असं मी ऐकलं होतं; मी त्या रात्री गावात नव्हतो. पुढं काही वर्षांत अण्णा आंधळे झाले. “बापाचे डोळे तू घालवलेस,” असं मी दादाला चारचौघांत सुनावलं. त्यानंतर त्याच्या घरचं पाणी पिलो नाही.

“मार लागल्याबरोबर दिसेनासं झालं?” मॅडमनी विचारलं.

“न्हाई. हळूहळू.”

“म्हणजे कसं?”

मी सांगू लागलो. भूकंपानंतर राहायला मिळालेल्या पत्र्याच्या शेडच्या चौकटीला त्यांचा खांदा आपटायचा. ताटाच्या कडेची भाकरी हातानं चाचपायचे. समोर बसलेला माणूस मात्र ओळखायचे. बोलता बोलता मी थांबलो. सुनीता माझ्याकडे बघत होती.

“मार लागूनही कधी असं होतं,” मॅडम म्हणाल्या. “पण हा आजार घराण्यात असतो. सख्खी भावंडं असतील तर त्यांचे डोळे मला लवकर बघायचेत.”

आठवडाभर मी फोन हातात घेऊन खाली ठेवत होतो. शेवटी लावला.

“दादा, डोळे तपासून घे.”

“का? माझे पण मीच घालवले म्हणतोस का?”

“नांदेडला ये. मशीनचा खर्च मी देतो.”

“तू देणार?” तो म्हणाला. “मग दुखणं मोठंच दिसतंय.”

दादा आला. बाकावर आमच्या मध्ये सुनीता बसली. दादाच्या चित्रात दोन्हीकडे पिवळं होतं, डाव्या डोळ्यात लालची सुरुवात. “वेळेत आलात,” मॅडम म्हणाल्या. दादा चित्राकडे बघत राहिला. “आमच्या अण्णांचं असंच होतं का?”

“त्यांची तपासणी कधी झाली नाही. छातीठोक सांगता येणार नाही. पण शक्यता मोठी आहे.”

बाहेर आल्यावर दादा माझ्याकडे न बघता म्हणाला, “दगड पडला तवा अण्णांचा हात माझ्याच हातात होता. दुसऱ्या काखेत पोरगी. धुळीत काय दिसत नव्हतं. तू कधी विचारलंच न्हाईस.”

घराच्या वाटणीवरून माझा त्याच्यावर राग आहे, तो राहील. पण डोळ्यांचा राग कुणावर ठेवायचा, ते आता मला माहीत नाही. मॅडमचे उपकार मात्र मानतो. त्यांनी एका पैशाची सूट दिली नाही आणि भावाला आणायला लावलं. तुमच्या घरात कुणाची नजर “वयानं” किंवा “मारानं” गेली असेल, तर आपली नस तपासून घ्या. भावंडांनाही न्या, बोलणं बंद असलं तरी.

थेंबांची बाटली घेतल्यावर दादा दवाखान्याच्या पायरीवर बसून स्वतःच डोळ्यात घालू लागला. पहिला थेंब गालावर गेला. मी बाटली काढून घेतली. “मान वर कर.”

“नीट बघून घाल,” तो म्हणाला. “तुला तरी कुठं दिसतंय.”

मी त्याची खालची पापणी ओढली आणि थेंब सोडला.