दहापेक्षा कमी

कोहमाऱ्याच्या चौकात मी चाळीस वर्षं पंक्चरचं दुकान चालवलं. गंजलेले, घासलेले, दगड झालेले नट मी रॉकेल टाकून, पान्याला पाइप लावून, शिव्या देऊन उघडले. पण साऱ्या हिंदुस्थानात न उघडणारा नट मला एकच भेटला, आणि तो म्हणजे आमची भाडेकरीण. तिचं नाव मी इथं लिहीत नाही. लिहिलं तर ती असेल तिथून येईल आणि कागद फाडून टाकेल. गाव लिहिलं असतं, पण ते मलाच ठाऊक नाही. "कोन्या गावची वं बाई तू?" असं माझ्या बुढीनं, म्हणजे बायकोनं, खोली दाखवतानाच विचारलं, तर म्हणाली, "पश्चिमेकडची." आता कोहमाऱ्याच्या पश्चिमेला साकोलीपासून अरबस्तानापर्यंत सगळंच येतं.

तिचं काम समजायला मला एक वर्ष लागलं. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस, चुकलं तर चुकलं. कामाचं, लग्नाचं आमिष दाखवून पोरींना नेतात, विकतात, डांबून ठेवतात. कोणाचा कागद ठाण्यात असतो, कोणाचा निवारागृहात, कोणाचा एखाद्या संस्थेच्या कपाटात. हे कागद कोणी कोणाला दाखवू शकत नाही, कारण नाव फुटलं की सुटून आलेल्या पोरीला गाव पुन्हा जगू देत नाही. म्हणून हिनं आणि हिच्या सोबत्यांनी कंप्युटरात एक यंत्र बनवलं. खरे कागद आत टाकायचे, बाहेर खोटी माणसं येतात. एकीचं वय, दुसरीचा जिल्हा, तिसरीचं आमिष. त्यातली एकही बाई जगात नाही, पण सगळ्या मिळून सांगतात ते खरं असतं: कोणत्या महिन्यात नेतात, कोणत्या रस्त्यानं नेतात, काय सांगून नेतात. मी विचारलं, "म्हंजे खोटी मानसं बनवून राहिली तू? ठानेदाराले माहीत हाय का?" तर म्हणाली, "काकाजी, त्यांनाच तर द्यायची आहेत."

त्या यंत्राचा एक नियम होता. आकडा दहाच्या खाली गेला तर छापायचा नाही, नुसतं 'दहापेक्षा कमी' लिहायचं. कारण लहान गावात 'दोघी' म्हटलं की त्या दोघी कोण, हे चहा थंड व्हायच्या आत टपरीवर ठरतं. नियम चांगला आहे. पण तो यंत्रातून निघून बाईच्या अंगात शिरला. बुढी विचारायची, "पोळ्या किती टाकू?" उत्तर, "दहापेक्षा कमी." एकदा बुढीनं रागानं नऊ टाकल्या, तर हिनं मुकाट्यानं नऊ खाल्ल्या आणि दुपारभर आडवी झाली. ताप आला, डॉक्टरनं किती दिवसांपासून म्हणून विचारलं, तर तेच. त्यानं घाबरून रक्त तपासायला लावलं. बरणीतलं लिंबाचं लोणचं कोणी संपवलं असं मी विचारलं, तेव्हा घरात माणसं तीनच होती, आणि संपवणारा मी नव्हतो. तरी ही म्हणाली, "या घरातल्या काही व्यक्तींनी." बुढी पदर तोंडात धरून हसत होती, तेवढ्यावरून काय ते मला कळलं.

आणि गंमत अशी की यंत्र मात्र साऱ्या जगाला फुकट. कोणीही घ्या, उघडा, आतला पुर्जा न् पुर्जा पाहा, चूक सापडली तर दुरुस्त करून परत द्या. मी म्हटलं, "बाई, मी माझा जॅकसुद्धा समोरच्या दुकानदाराले देत नाही, न् तू सारं दुकानच रस्त्यावर मांडून ठेवलंस?" ती म्हणाली, "उघडं ठेवलं तरच लोक विश्वास ठेवतील." म्हणजे यंत्र सताड उघडं आणि तोंड कुलूपबंद. असं माणूस मी पाहिलं नव्हतं.

आता खोटं कायले बोलू, इथपर्यंत मजा होती. पुढं एका हिवाळ्यात माझी बुढी लागोपाठ तीन दुपारी हिच्या खोलीत जाऊन बसली. दार लावून. मी दुकानावर. तिसऱ्या दिवशी बाहेर आली तेव्हा डोळे लाल, पण चाल हलकी. "काय बोलली वं?" म्हटलं, तर, "बायांचं बोलनं व्हतं." त्यानंतरच्या उन्हाळ्यात ती मेली. देवाघरी गेली असं मला म्हणता येत नाही. कुठं गेली असती तर पत्ता ठेवून गेली असती.

तेरवी झाली आणि मी भाडेकरणीला विचारलं, "त्या तीन दुपारी ती तुले काय सांगून गेली?"

"काकाजी, ते त्यांचं होतं."

"मी तिचा नवरा आहो."

"हो."

"आता ती मेली."

"हो," असं म्हणून ती रडली, पण सांगितलं नाही. चहा तसाच राहिला.

मला का कळायला पाहिजे होतं, तेही सांगतो. लग्नाआधी दोन वर्षं ती मामाकडे होती, असं मला सांगितलं होतं. तो मामा मी कधी पाहिला नाही. लग्नाला आला नाही, मेल्याचंही कळलं नाही. आणि पोरींना कामाला नेणारा एखादा माणूस माझ्या दुकानाच्या बाकावर टेकला, की बुढी घरातून बादली आणून त्याच्या पायावर पाणी ओतायची. "इथी कायले बसून राहिला बे? ऊठ!" चौक हसायचा, मीही हसायचो. मग त्याच माणसाच्या गाडीत मी हवा भरायचो.

भाडेकरणीशी मी आठ दिवस बोललो नाही. तिच्या स्कूटरची हवा सोडली. दुपारी मीच भरली, कारण बसलेलं चाक मला पाहवत नाही.

मग पैसेवाले साहेब आले. या संशोधनाचा पैसा मोठ्या शहरातल्या ट्रस्टकडून वर्षावर्षानं यायचा आणि तो आता संपत आला होता. पैसा बंद म्हणजे बाईची खोली रिकामी, हे मला कळत होतं. साहेब पडवीत बसून म्हणाले, "आकडे उत्तम आहेत, पण आकड्यांना चेहरा नसतो. एक खरी बाई द्या. नाव, फोटो, चार ओळी. तीन वर्षांचा निधी मी मंजूर करून घेतो." मी दाराआड कान लावून उभा. वाटलं, आता नट ढिला होणार. आणि तो व्हावा, असंच मला वाटत होतं.

"देता येणार नाही," बाई म्हणाली.

"इथल्या किती जणींशी बोललात?"

"दहापेक्षा कमी."

"म्हणजे नऊ की एक?"

"दहापेक्षा कमी."

साहेबांनी मला पाहिलं. "बाबा, तुम्ही चौकातले जुने. तुमच्या ओळखीत असेल ना एखादी?"

मामा माझ्या जिभेवर आला होता. मी बाईकडे पाहिलं. तीन वर्षांचं पोट समोर मांडलेलं, तरी तिनं माझ्या बुढीला पडवीत आणलं नव्हतं. आणि मी, तिचा नवरा, फुकटात आणायला निघालो होतो.

"हाव साहेब," मी म्हटलं, "हायत ना."

"किती?"

"दहापेक्षा कमी."

साहेबांची गाडी गेली. त्यांचा पैसा आला नाही. धान कापणीनंतर बाईला दुसरीकडून थोडा पैसा मिळाला, पण दुसऱ्या जिल्ह्यासाठी. जाताना तिनं मला त्या खोट्या माणसांचा छापील कागद दिला. "हा कोणालाही मिळतो हं काकाजी," हे सांगायला विसरली नाही. मी दुपारी चष्मा लावून तो वाचतो. ओळीखाली ओळ. बुढी त्यात असेल तर कुठं वयात असेल, कुठं आमिषात, कुठं गाडीत. घरातही ती अशीच सांडलेली आहे: खिडकीत चष्मा, खुंटीला पिशवी, मोरीजवळ ती बादली. गोळा करायला गेलो तर हाती लागत नाही. आता मी करतही नाही.

परवा यादीवाली मॅडम आली. "बाबाजी, घरात किती माणसं?"

"दहापेक्षा कमी."

"अवो, आकडा सांगा ना बरोबर!"

"हाच बरोबर हाय."

तिनं कपाळाला हात लावला आणि काहीतरी लिहून गेली. काय लिहिलं, ते मी विचारलं नाही. आम्ही तिघं होतो तेव्हा दहापेक्षा कमी होतो, दोघं उरलो तेव्हाही तेवढेच, आणि आता मी एकटा पडवीत बसतो, तरी तेवढेच. आमच्या भाडेकरणीच्या मोजणीत या घरातलं अजून कोणी कमी झालेलं नाही.