माझ्या नावाची जाऊ

भोंग्यावरून नाव ऐकलं तेव्हा मी भाकरी थापत होते. आमच्या कुंडलमध्ये कुणी गेलं की देवळाच्या भोंग्यावरून सांगतात. 'ताराबाई यांचं कराडला दवाखान्यात निधन झालं, अंत्यविधी अकरा वाजता...' असं दोनदा सांगितलं. ताराबाई म्हणजे माझी थोरली जाऊ. ती जाणार हे चार दिवसांपासून माहीत होतं, त्यामुळं धक्का वगैरे बसला नाही. मी तव्यावरची भाकरी उलटली, आणि मनात पहिलं आलं ते हेच, की गावानं हिला निरोपसुद्धा माझ्या नावानं दिला. रडू नंतर आलं. तिला जाऊन आता सात आठवडे झाले. खोटं कशाला लिहू?

तारा हे माझं नाव. माझं माहेर साताऱ्याजवळचं. वडील फौजेत होते. सुट्टीवर येताना एसटीच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसला की आपण घरी पोचलो असं त्यांना वाटायचं. माझ्या जन्माच्या वेळी ते घरी होते, त्यांनी किल्ल्याचं निम्मं नाव मला दिलं. मी चौथीपर्यंत शिकले. वर्गात आम्ही तीन तारा होतो, म्हणून गुरुजी मला 'फौजींची तारा' म्हणायचे. इतर दोघींपेक्षा माझं नाव लांब आहे याचा मला तेव्हा फार तोरा होता.

अठराव्या वर्षी लग्न होऊन कुंडलला आले. थोरली जाऊ दोन वर्षं आधी त्या घरात आली होती, आणि तिचं नाव तारा होतं. सोयरीक ठरवताना जमीन विचारली, कुळी विचारली, माझ्या नावाकडं कुणी बघितलं नाही. मांडवात सासूबाईंच्या ध्यानात आलं. "येका घरात दोन तारा कशाला? हाक मारली की दोघी धावत याच्या," असं म्हणून त्यांनी मुलाच्या कानात नवं नाव सांगितलं आणि त्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं ते काढलं. सुशीला. म्हणजे चांगल्या स्वभावाची. मला ओळखणाऱ्या कुणी हे नाव ठेवलं नसतं.

बरं, नाव गेलं ते गेलंच, वर धाकट्या जावेनं थोरलीचं नाव तोंडानं घ्यायचं नाही ही रीत. मी तिला जाऊबाई म्हणायची. त्यामुळं माझं स्वतःचं नाव मला तोंडात आणायची बंदी झाली. बाकी घरभर मात्र दिवसातून शंभर वेळा ते ऐकायचं. "तारासारखी भाकरी कुणाला येत न्हाई." "ताराला इचारा, तिच्या ध्यानात आसंल." माझे थोरले दीर साखर कारखान्यात होते. पाळी संपवून आले की फाटकातूनच "तारा, ए तारा" करत यायचे. त्या काळी पुरुष बायकोला अशी नावानं हाक मारत नसत. माझा नवरा मला "आगं" म्हणायचा, तेही भिंतीकडं बघून. दिरांची हाक आली की मी हातातलं काम तसंच ठेवून ऐकत बसायची. दीर मला काही नको होते. ती हाक हवी होती.

मग वाटणी झाली. आमच्याकडं लग्नात दिलेल्या भांड्यांवर मुलीचं नाव घालायची पद्धत आहे. माझ्या वडिलांनी तांब्याचा मोठा हंडा दिला होता आणि भांडीवाल्यानं त्यावर नुसतं 'तारा' घातलं होतं. दीर एकेक भांडं उचलून नाव वाचत होते आणि सासूबाई ढीग लावत होत्या. हंडा जावेच्या ढिगात गेला. मी म्हणाले, "हा माझ्या बापानं दिलाय."

सासूबाई म्हणाल्या, "नाव कुणाचं हाय त्यावर?"

"तारा," दिरांनीच वाचून सांगितलं.

"मग?"

नवरा पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता. जावेनं माझ्याकडं बघितलं, हंड्याकडं बघितलं आणि पदर सारखा केला. बोलली मात्र नाही. तिचं ते न बोलणं मी चाळीस वर्षं सांभाळलं. दोन घरांमध्ये एक भिंत, येणंजाणं रोजचं, बाळंतपणं एकमेकींची केली, पण तिच्या न्हाणीत तो हंडा तापताना दिसला की माझं डोकं तापायचं. सासूबाई वाटणीत आमच्याकडं आल्या. त्यांचं नाव हौसाबाई, तेव्हा 'हौसा' नावाची भांडी त्यांच्यासोबत आमच्या घरात आली. ती मला कुणी देऊ केली नव्हती, पण मी वापरली.

पुढं तारा नाव कुणी ठेवेना. माझ्या मुलींच्या वेळी घरोघर सुनीता, संगीता, अनिता झाल्या. नातींच्या वेळी प्रियांका आणि स्नेहल. तारा म्हटलं की कोपऱ्यात बसलेली म्हातारी डोळ्यांपुढं यायची. मला त्याचं बरं वाटायचं. मला जे मिळालं नाही ते आता कुणालाच नको होतं.

ती जायच्या चार दिवस आधी कराडला तिला भेटायला गेले. तिचा मुलगा आनंदा औषधं आणायला खाली गेला होता. तिनं माझं मनगट धरलं.

"सुशीला, हंडा तुजा हाय हे मला तवाच ठावं हुतं."

"मग तोंड का उगाडलं न्हाई?"

"तुजा हंडा दिला आसता तर माजी कळशी मागावी लागली आसती."

"कुठली कळशी?"

"तुज्या घरात हाय ती. हौसा घातल्याली. आत्याबाईंची न्हवं ती, माजी हाय. माज्या आयनं दिल्याली."

मला वाटलं तापात बोलतेय. आत्याबाई म्हणजे आमच्या सासूबाई. पण ती नीट बोलत होती. तीन भावांवर झालेली मुलगी, हौसेनं मागून घेतलेली, म्हणून आईनं हौसा नाव ठेवलं. भाऊ तिला 'बाय' म्हणायचे, त्यामुळं माहेरची माणसं आली तरी आम्हाला काही कळलं नाही. सासूचंही नाव हौसा, आणि सुनेला त्या नावानं हाक कोण मारणार? तिच्याही तांदळात दुसरंच नाव काढलं, तारा. सासूचं नाव सुनेनं घ्यायचं नाही, त्यामुळं तिलाही स्वतःचं नाव उच्चारायची चोरी झाली.

मी विचारलं, "आत्याबाई जाऊन वीस वर्सं झाली. मग तरी सांगायचं."

"कुणाला सांगू? हेंच्या तोंडात तारा बसलं हुतं. पोरांनाबी सांगितलं न्हाई. तुला येकटीला सांगतीया."

येताना बसमध्ये वाटेत कुठंतरी मला कळलं, की हिनं माझं काही घेतलं नव्हतं. तिच्या अंगावर ते टाकलं होतं. एवढं कळल्यावर माझं जळणं थांबायला हवं होतं. थांबलं नाही. मी विचार करत होते, हिला आईनं हौसेनं मागून घेतलं, वर माझं नावही हिला मिळालं, आणि त्या नावानं हाक मारणारा नवरा...

ती गेल्यावर महिन्याभरानं तिच्या पणतीचं बारसं सांगलीला झालं. नातसून ऋतुजा मला म्हणाली, "आजी, तारा ठेवतोय. छोटं नाव आहे, सध्या खूप चाललंय, आणि पणजींची आठवण पण राहील." पुण्यात तिच्या तीन मैत्रिणींनी मुलींची नावं तारा ठेवली आहेत म्हणे. घरातली सगळ्यात मोठी म्हणून मला पाळण्याजवळ उभं केलं. मी बाळाच्या कानात नाव सांगितलं. अठराव्या वर्षानंतर ते पहिल्यांदा माझ्या तोंडातून निघालं. मग मी वळून म्हणाले, "हे माझं नाव हाय. हिच्या पणजीचं न्हवं. तिचं नाव हौसा."

ऋतुजा हसली. "किती छान, म्हणजे दोघी आजी तारा." माझी सून माझा हात ओढत म्हणाली, "आवं आत्या, आता तरी सोडा की." आनंदा तेवढा हसला नाही. साठीला आलेला माणूस, खुर्ची धरून उभा राहिला. "काकी, तुमाला कुणी सांगितलं?"

"तिनंच."

"कवा?"

"दवाखान्यात. तू औषधं आणाय गेलातास तवा."

"सोळा दिवस मी तिच्या उशाला हुतो," तो म्हणाला, "आणि तुमाला सांगितलं?" त्याच्या तोंडावर जे दिसलं ते मी चांगलं ओळखते. छप्पन वर्षं ते माझ्या तोंडावर होतं. या घरात माझ्यावर कुणी जळायची ही पहिलीच वेळ.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला. कळशी मांडीवर घेऊन त्यानं अक्षरांवरून बोट फिरवलं. चहा निवून गेला. म्हणाला, "काकी, तुमचा हंडा आणून देतो. ही मला द्या."

मी म्हणाले, "हंडा आसू दे तुमच्यात. आता तारा तुमच्यात हाय. कळशी मिळायची न्हाई, वाटणीत आलीया."

त्यानं कळशी खाली ठेवली. गार चहा एका घोटात पिऊन गेला. आता वाईट वाटतं, पण बोलावून दिली नाही, देणारही नाही. मी कळशी चिंचेनं घासून माठापुढं ठेवली आहे. माठ मागं आहे, पाणी घ्यायला कळशी बाजूला करावी लागते. सासूबाई नाहीत, जाऊबाई नाही, नाव घेतलं तर अडवणारं कुणी उरलं नाही. मी म्हणते, "हौसा, सरक जरा."