ग्रेपला काय सापडतं

गेटवर खुर्ची टाकून बसणाऱ्याला किस्से शोधायला कुठे जावं लागत नाही. ट्रक आत शिरला की मागून धूळ येते, तसे तेही येतात आणि अंगावर बसतात. घरी जाताना कितीही झटकले तरी थोडे राहतातच. भिवंडीजवळच्या वळ गावातल्या एका गोडाऊनात मी वॉचमन आहे. शिक्षण चौथीपर्यंत, बोलणं त्याहून कमी. त्यामुळे लोक माझ्यासमोर बिनधास्त बोलतात! त्यातले हे काही, आमच्या कॉम्प्युटरच्या शोधाशोधीचे.

* * *

आमचा कॉम्प्युटरवाला नीलेश. शेजारच्या कोन गावचा, दोन पोरींचा बाप. शिफ्ट सुटली की सुपरवायझर तिचा रिपोर्ट टाइप करून ठेवतो. अशा ढीगभर फाइली. त्यात काही शोधायचं झालं की नीलेश काळी स्क्रीन उघडतो. त्यावर ‘ग्रेप’ लिहितो, पुढे हवा तो शब्द, पुढे फाइलींचं नाव. ज्या ओळींत तो शब्द असेल, तेवढ्याच ओळी भराभर समोर येतात.

मी म्हटलं, "म्हणजे आपण हाक मारायची आणि ज्याचं नाव त्यानं ओ द्यायची."

"बरोबर, काका!"

"आणि कुणीच नसेल तर?"

"तर गप्प. ‘नाही’ असंसुद्धा म्हणत नाही."

"मग आपल्या ऑफिसातच शिकलेलं दिसतंय!"

* * *

एकदा चहा पिता पिता नीलेश म्हणाला, "काका, तुमचं नाव शोधू?"

शोधलं. एवढी वर्षं गेटवर काढली, पण नाव एकदाही नाही. मग त्यानं ‘वॉचमन’ टाकलं. एक ओळ आली. ‘वॉचमनची खुर्ची तुटली. नवीन मागवणे.’

आमच्याकडे रीतच तशी आहे. रिपोर्टात माल लिहायचा. माणसं ठेकेदाराची, त्यांचा हिशेब ठेकेदाराकडे. ओळीत फार तर ‘लेबर’ येतं, नाव येत नाही.

नीलेश हसला. "खुर्चीनं नशीब काढलं, काका!"

मीही हसलो. खुर्ची तीच आहे अजून.

* * *

मॅनेजरसाहेबांना हे ग्रेप कळलं आणि त्यांना नवा नादच लागला. पहिला शब्द त्यांनी शोधला ‘लेट’. पडदा भरून ओळी! जो जो सुपरवायझर सापडला, त्याची केबिनमध्ये हजेरी.

दुसऱ्या दिवसापासून कुणी ‘लेट’ लिहीनाच. गाडी कितीही रखडली तरी ‘ट्रॅफिक’. साहेबांनी पुन्हा शोधलं, एक ओळ नाही. खूश होऊन म्हणाले, "बघा! नुसतं शोधल्यानं शिस्त लागली!"

त्याच वेळी गेटबाहेर एक ड्रायव्हर माझ्यावर ओरडत होता. "चाचा, सुबह से तुम्हारे गेट पे खडा हूँ, और पर्ची में ट्रॅफिक लिखते हो? कौन सा ट्रॅफिक? मैं ही तो हूँ ट्रॅफिक!"

* * *

मग नीलेशच्या तोंडून एकदा सहज निघून गेलं, की ग्रेपला उलटंही चालवता येतं. तो शब्द असलेल्या ओळी सोडायच्या आणि बाकीच्या ठेवायच्या.

साहेब खुर्चीतून उठलेच. "हे आधी का नाही सांगितलंस?"

तेव्हापासून हेड ऑफिसला जाणाऱ्या रिपोर्टातून ‘तक्रार’ हा शब्द असलेली प्रत्येक ओळ गळायला लागली. बायकांच्या संडासाला आतून कडी नव्हती. बिचारा सुपरवायझर रोज लिहायचा आणि ते रोज गळायचं. बायका एकमेकींसाठी बाहेर दार धरून उभ्या राहायच्या.

एक दिवस हेड ऑफिसच्या मॅडम आल्या आणि त्यांना नेमकं तिकडेच जायचं झालं. पॅकिंगवरची शोभा धावली. गावातलीच बाई, बोलायला मोकळी. "जावा मॅडम, भिऊ नका. मी धरते दार. आमची ड्युटीच हाय ती!"

मॅडम लालबुंद होऊन बाहेर आल्या. "हे कुणी कळवलं कसं नाही?"

साहेब अदबीनं म्हणाले, "मॅडम, तुम्हीच बघा. रिपोर्टात कुठेही नाही."

आणि ते खरं होतं!

* * *

त्याच शोभाचा हात पुढे पट्ट्यात गेला. खोकी सरकवणारा पट्टा असतो तो. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट गेलं. मी माझा टॉवेल गुंडाळून तिला रिक्षात बसवली. ती रडत नव्हती. मलाच म्हणाली, "काका, तुमचा टॉवेल खराब झाला."

भरपाईचा अर्ज केल्यावर ठेकेदार म्हणाला, ही बाई त्या दिवशी कामावरच नव्हती. मग सरकारी साहेब चौकशीला आले, सोबत एक कारकून. मॅनेजरसाहेबांनी नीलेशला बसवलं. "‘अपघात’ शोध. ओळी नकोत, नुसता आकडा दाखव."

पडद्यावर शून्य.

"आता ‘शोभा’ शोध."

शून्य.

मॅनेजरसाहेबांनी पडदा पाहुण्यांकडे फिरवला. "आमच्याकडे सगळं पारदर्शक आहे!"

शोभा समोरच बसली होती, हाताला पट्टी. "मग हा हात मी चुलीवर ठेवला व्हता काय?"

तिनं दवाखान्याचा कागद पुढे केला. त्यात लिहिलं होतं, यंत्रात हात अडकला. मॅनेजरसाहेब म्हणाले, "भिवंडीत यंत्रं काय कमी आहेत? गेला असेल कुठल्या पॉवरलूममध्ये."

मी दारापाशी उभा होतो, आयुष्यात पहिल्यांदा न विचारता बोललो. "साहेब, मीच हिला रिक्षात बसवली."

सरकारी साहेबांनी विचारलं, "बाबा, गेटच्या नोंदीत रिक्षा आहे?"

गेटवर ट्रकची नोंद होते. रिक्षाची होत नाही.

* * *

सरकारी साहेब उठायला लागले, तशी शोभा नीलेशकडे वळली. "त्या चादरींचं काय झालं रं? पांढऱ्या चादरी भरत व्हते मी. मला रिक्षात घालताना हे साहेब त्यांच्या नावानं बोंबलत व्हते."

नीलेशनं मॅनेजरसाहेबांकडे एकदा बघितलं. घरी दोन पोरी. मग त्यानं मान खाली घातली आणि ‘चादर’ टाकलं.

ओळ आली. तारीख तीच, शिफ्ट तीच. ‘पॅकिंग पट्टा. पांढऱ्या चादरी, डाग पडले, माल रद्द. विम्याचा क्लेम करणे.’ खाली आणखी एक ओळ होती. ‘चादरींचा क्लेम मंजूर.’

मला वाटलं, झालं आता काम. शोभालाही वाटलं असावं, कारण तिनं पदर सावरला.

सरकारी साहेबांनी ती ओळ पुन्हा वाचली. "डाग लिहिलंय. पण कशाचे, ते कुठे लिहिलंय?"

"पानाचे असतील," मॅनेजरसाहेब म्हणाले. "लेबर फार पान खातं."

कारकुनानं लिहून काढलं. ‘गोडाऊनात इजा झाल्याचा पुरावा आढळला नाही.’ कागद शोभापुढे सरकवला. "हजर होतात म्हणून इथे सही करा."

"डाव्या हातानं येत न्हाय मला."

"मग अंगठा द्या." त्यानं शाईचा पॅड उघडला. "उजवा. बाईमाणसाचा उजवाच लागतो."

शोभानं पट्टी बांधलेला हात उचलून टेबलावर ठेवला, पॅडच्या शेजारी. कारकुनाकडे बघितलं नाही, मॅनेजरसाहेबांकडेही नाही.

"नीलेश," ती म्हणाली, "टाक रं तुझ्या त्याच्यात. ‘अंगठा’ टाक. कुठं सापडतोय का बघ. यांना पायजे हाय."

नीलेशनं टाकलं.